तेविसावी ओळ

प्रल्हादराव आरवाडे रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू होत आणि सहा एकतीसला माणसांत येत. मधली एकवीस मिनिटं सुनेत्रा त्यांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून राही. सुरुवातीला ती मांडीवर घड्याळ घेऊन बसायची. आता घड्याळाची गरज उरली नव्हती.

आधी डाव्या हाताची बोटं हलत. ही पहिली पायरी, अंगाचा ताबा. मग नाकपुड्या फुलत, कारण दुसऱ्या पायरीवर नाक, कान, डोळे उठत आणि स्वयंपाकघरातल्या चहाचा वास त्यांच्यापर्यंत पोचे. तिसरी पायरी भाषेची. ओठ पुटपुटू लागत, आणि हयात गुरांचा डॉक्टर म्हणून गेल्यामुळे बहुधा जनावरांचीच नावं बाहेर पडत. खिलार, मुऱ्हा, जाफराबादी. चौथ्या पायरीवर ते छताकडे बघून "मिरज" म्हणत, पाचव्या पायरीवर वार सांगत. वार कधी चुकत नसे.

सहावी पायरी माणसांची. ती सहा चोवीसला सुरू होई.

"आप्पा," प्रल्हादराव म्हणत आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागे. आप्पा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. मग वहिनी, मग व्याही, विहीण, जावई, मुलगी मनवा. सात-आठ सेकंदांना एक नाव. नावागणिक चेहऱ्यावरची माया थोडी थोडी ओसरत जाई. दहाव्या नावापर्यंत डोळे कोरडे झालेले असत, पंधराव्याला नुसतं हसू उरे. अठराव्या नावानंतर तेही नसे.

सहा सत्तावीसला सुनेत्राची पाळी येई.

"नमस्कार," ते मान वळवून म्हणत. "इतक्या लवकर उठून बसलात तुम्ही? झोप झाली ना नीट?"

त्यानंतर सातव्या पायरीवर जुन्या आठवणी उठत आणि आठव्या, शेवटच्या पायरीवर इच्छा. मग त्यांना सगळं ठाऊक असे. ही आपली बायको आहे, लग्नाला एकतीस वर्षं झाली, हिला वांगं सोसत नाही, आपल्या पहिल्या मोटरसायकलवरून आपण दोघं पडलो तेव्हा हिचाच हात मोडला होता. ते काहीच विसरलेले नव्हते. तरीही एसटीत शेजारी बसलेल्या बाईंशी सज्जन माणूस बोलेल तसेच ते तिच्याशी दिवसभर बोलत.

दोन वर्षांपूर्वी आलेला मेंदूज्वर विचित्र होता. तो सगळा मेंदू जाळत नसे. मेंदूच्या मधोमध बोटाच्या पेराएवढी एक जागा असते, जी झोपलेल्या बाकीच्या भागांना उठवते, तेवढीच तो जाळी. सुनेत्रा मुलींच्या शाळेत हेडक्लार्क होती. तिने तो आजार आपल्यापुरता असा समजून घेतला होता, की शाळेत पोरी आहेत, बाई आहेत, फळा-खडू सगळं जागेवर आहे, फक्त घंटा देणारा शिपाई गेला. घंटाच होत नाही म्हटल्यावर कुठला तास आणि कसली शाळा. ताप उतरल्यावर माणसं जिवंत राहत, पण उठत नसत.

मिरजेच्या बाहेर जागरण केंद्र नावाची संस्था निघाली ती अशा माणसांसाठी. तिथे जळालेल्या जागी गव्हाच्या दाण्याएवढं एक यंत्र बसवत. त्याला गाभा म्हणत. गाभा स्वतः विचार करत नाही, आठवत नाही, प्रेम करत नाही. तो फक्त मेंदूच्या एकेका भागाला नाव घेऊन उठवतो. या उठवण्याच्या कामाला केंद्रातली मंडळी 'उठवणी' म्हणत. रात्री गाभा बंद ठेवावा लागे, नाहीतर तो तापून शेजारच्या पेशी भाजून काढी. त्यामुळे उठवणी रोज नव्याने, पहिल्या पायरीपासून.

दर तीन महिन्यांनी तपासणीला जावं लागे. या खेपेला सुनेत्रा एकटीच आत गेली आणि प्रल्हादरावांना तिने बाहेरच्या बाकावर बसवलं. तिथे ते एका अनोळखी म्हाताऱ्याला त्याच्या शेळीच्या खुराबद्दल सल्ला देत बसले.

डॉ. फिरदौस मुजावर या केंद्राच्या प्रमुख होत्या. वय पन्नाशीचं, आवाज मवाळ, खोटं बोलायची सवय नसलेल्या. त्यामुळे त्यांच्याकडे जायला पेशंटचे नातेवाईक थोडे घाबरत.

"हा नमस्कार कधी जाणार, डॉक्टर?" सुनेत्राने बसताबसताच विचारलं. "दोन वर्षं झाली."

डॉक्टरांनी समोरचा कागद बाजूला केला. "मागच्या वर्षापर्यंत मलाही वाटायचं, हळूहळू जाईल. आता कळलंय की जाणार नाही. का ते सांगते. तुमच्या शाळेत कॉम्प्युटर आहे ना?"

"आहे की. सकाळी मीच चालू करते."

"चालू केल्यावर त्यातला सगळ्यात आधी जो भाग उठतो, त्यालाही गाभाच म्हणतात. आम्ही नाव तिकडूनच घेतलं, आणि रीतसुद्धा. तो गाभा उठला की बाकीच्यांना उठवतो. घड्याळ, मेमरी, डिस्क, पडदा, आवाज. प्रत्येकाची आरंभाची एक छोटी आज्ञावली असते. आता डिस्क उठायच्या आधी फाईल वाचणारा उठला तर तो वाचणार काय? म्हणून पायऱ्या ठरवलेल्या असतात. पहिल्या पायरीवरचे सगळे उठल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. हे सगळं विचार करून, शास्त्राप्रमाणे."

"बरं."

"पण एकाच पायरीवर चाळीस जण असले तर त्यांच्यात आधी कोण? तिथे शास्त्र नाही, सुनेत्राबाई. ज्या माणसाने हे सगळे भाग जोडून एकत्र केले, त्याच्या यादीत जो वर लिहिलाय तो आधी उठतो. त्याने कुणाला का वर लिहिलं, ते त्यालाही सांगता येत नाही. हाताला येईल तसं लिहिलेलं असतं."

"म्हणजे पंगतीसारखं. कुठली पंगत आधी बसवायची ते आपण ठरवतो. पण पंगतीत पहिलं पान कुणाचं, ते ज्याने बसवलं त्याच्यावर."

"अगदी तसंच. आणि श्रीखंड पहिल्या पानापासून वाढत येतं."

"शेवटच्या पानापर्यंत पातेलं खरवडायची पाळी येते," सुनेत्रा म्हणाली, आणि मग तिला आपण काय बोललो ते कळलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. माणसाला माणूस 'आपलं' वाटतं, ते मेंदू ज्याच्या जोरावर करतो त्याला त्या 'ओल' म्हणत. धडधाकट मेंदूत ओल दिवसभर झिरपत राहते, कुणाला कमी पडत नाही. तापानंतर ती सकाळी एकदाच तयार होते, ठरावीक मापाची. सहाव्या पायरीवर पहिलं माणूस उठलं की ते हवी तेवढी ओल घेतं. त्याचा हात कुणी धरत नाही. मग दुसरं, मग तिसरं.

"तेवीस माणसं," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या यजमानांची ओल अठराव्या नावाला संपते."

"ती यादी मी लिहिली होती," सुनेत्रा म्हणाली.

ती यादी तिने शस्त्रक्रियेच्या दिवशी, केंद्राच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या, दहा मिनिटांत लिहिली होती. फॉर्मवर 'आप्तांची माहिती' असं होतं आणि खाली तेवीस ओळी. खिडकीतल्या मुलीने सांगितलं होतं, जवळची माणसं लिहा, सुचतील तशी.

आता सुनेत्राला माणसं कशी सुचणार? आरवाड्यांच्या घरातल्या चाळीसेक लग्नांच्या आमंत्रणांची यादी तिच्या हातची होती. कुणाला पहिली पत्रिका, कुणाला घरी जाऊन अक्षत, व्याह्यांना काय, मामेसासऱ्यांना काय, हे तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. तीस वर्षांत तिच्या यादीवरून एक माणूस रुसला नव्हता. तिला माणसं मानाप्रमाणेच सुचत.

म्हणून पहिल्या ओळीवर आप्पा. आप्पांनी बांधावरचं जांभळाचं झाड न विचारता तोडलं होतं, आणि तेव्हापासून चौदा वर्षं दोघा भावांचं बोलणं बंद होतं. पण रुसवा वेगळा आणि मान वेगळा. भांडलेल्या भावाला तर पत्रिका सगळ्यात आधी जायला हवी. मग वहिनी. मग व्याही आणि विहीण, कारण ते मुलीकडचे नव्हेत, मुलाकडचे. मग जावई, आणि जावयानंतर मुलगी. मग काका, मावश्या, भाचे, दवाखान्यातला कंपाउंडर, कोपऱ्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर. बाविसाव्या ओळीवर जागा उरली म्हणून तिने दुधाच्या रतिबाची शेवंताबाईसुद्धा लिहिली, कारण त्या बाईच्या म्हशीचं बाळंतपण प्रल्हादरावांनी केलं होतं. आणि तेविसाव्या ओळीवर स्वतः. यजमानीण कधी पहिल्या पंगतीला बसते का?

"कुणी सांगितलं असतं तर," सुनेत्रा म्हणाली.

"कुणाला ठाऊकच नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या. "मला नव्हतं. आम्हाला फक्त नावं हवी होती. क्रमाला अर्थ आहे हे आम्हाला मागच्या वर्षी कळलं, तेसुद्धा एक आजोबा मुलाला ओळख दाखवेनात आणि वॉचमनला मिठ्या मारायला लागले म्हणून. त्यांच्या घरच्यांनी यादी वॉचमनला लिहायला सांगितली होती."

"मग बदला ना आता. माझं नाव वर घ्या. पहिलं नको, दहावं चालेल."

"तीन जणांची यादी बदलून पाहिली." डॉक्टरांनी तीन बोटं वर केली आणि एक मिटलं. "एकांचं छान झालं. दुसऱ्या बाईंच्या यादीत चौदावी मैत्रीण दुसरी केली. त्या उठल्या, मैत्रिणीवर जीव टाकायला लागल्या, पण त्यांना जिना उतरता येईना. पाय ठणठणीत. जिना म्हणजे काय तेच कळेना. मैत्रिणीचा आणि जिन्याचा काय संबंध ते आम्ही अजून शोधतोय. एक जण दुसऱ्याच्या आधी उठतो, या सवयीवर तिसरंच काहीतरी उभं राहिलेलं असतं. ते कुठे लिहिलेलं नसतं. कॉम्प्युटरमध्येही हेच होतं. जुन्या यादीतली एक ओळ हलवायला मोठेमोठे लोक घाबरतात."

"आणि तिसरे?"

"ते तिसऱ्या पायरीवर अडकलेत. पाच महिने झाले. रोज सकाळी एकच शब्द पुटपुटतात आणि तिथेच थांबतात."

तरीही सुनेत्रा यादीबदलाचा फॉर्म मागून घेऊन उठली. त्यावर नव्याने तेवीस ओळी होत्या आणि खाली रुग्णाच्या सहीची जागा. आठवी पायरी उठल्यानंतर, पूर्ण जागेपणी, रुग्णाने स्वतः केलेली सही. दुसऱ्या कुणाची चालत नव्हती, बायकोचीही नाही.

तक्रार तरी कुणाकडे करायची? सगळे खूष होते. गाभा बसवून घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी प्रल्हादराव गावाकडे जाऊन आप्पांच्या गळ्यात पडले होते. "पल्या, लेका, इतकी वर्षं कुठं होतास रं," म्हणत सत्तरीचे आप्पा शेणाने भरलेल्या हातांनी रडले होते. जावयाला आयुष्यभर 'तुमचा तो शहाणा' म्हणणारे सासरे आता त्याला दिवसातून दोनदा फोन करत. जावई बिचारा गडबडून गेला होता. मनवा म्हणायची, आई, बाबांचं काय झालंय गं, ह्यांचा फोन झाल्यावर मला एक मिनिट मिळतं, पण चांगलं बोलतात. शेजारीपाजारी म्हणत, आजाराने माणूस निवळला. आणि सुनेत्राशी ते वाईट वागत नव्हतेच. पूर्वी ते पंचा जमिनीवर टाकत, चहा गार झाला म्हणून ओरडत, तिच्या ताटातली चटणी न विचारता उचलत. आता ते पंचा वाळत घालत आणि चहाबद्दल आभार मानत. 'माझा नवरा माझे आभार मानतो हो' असं रडगाणं कुणापुढे गाणार? लोक म्हणाले असते, सुख दुखतंय बाईला.

तिला फार एकटं वाटे. घरात दोन माणसं असूनही.

रविवारी दुपारी ओसरीवर ती मटार सोलायला बसली. प्रल्हादराव येऊन समोर बसले आणि परवानगी विचारून त्यांनी अर्ध्या शेंगा स्वतःकडे ओढल्या. तिने त्यांना सगळं सांगितलं. पायऱ्या, पंगत, ओल, तीन पेशंट. त्यांनी मधे तोडलं नाही. हुशार डॉक्टर होते ते, गुरांचे असले तरी. दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके.

"पूर्वी मी तुम्हाला काय म्हणायचो?" मग त्यांनी विचारलं. "नाही, आठवतंय. नेत्रे."

"हं."

"नेत्रे," त्यांनी म्हणून पाहिलं. दुकानावरची पाटी वाचावी तसा आवाज आला. त्यांनाही तो कळला. "नाही जमत हो. माफ करा."

सुनेत्रा मटार सोलत राहिली.

"तुम्ही दुःखी आहात हे मला दिसतं," ते म्हणाले. "मला वाईटही वाटतं. पण जितकं वाटायला हवं तितकं वाटत नाही, हेही दिसतं. आता माझ्या बाजूने बघा. जनावराला वेदना असल्या तर धोका पत्करून मी सुरी घेतली असती. इथे मला कुठे काही दुखतच नाहीये. न दुखणाऱ्या जनावराला कोण कापेल? त्यात तिघांतले दोघे बिघडले."

"मला दुखतंय," सुनेत्रा म्हणाली.

"हो. पण सुरी माझ्यावर चालणार आहे." हे ते कठोरपणे बोलले नाहीत. शेंगेतला किडका दाणा वेगळा ठेवत बोलले. "आणि तुम्ही वर आलात तर शेवटी कुणीतरी जाणार. कुणाला घालाल?"

"ते अजून ठरवलं नाही."

"आप्पांना?" त्यांचा आवाज एकदम भरून आला. "उद्या सकाळी उठून आप्पांना मी नमस्कार म्हणू? सत्तरी ओलांडलेलं माणूस, ते सहन होईल का त्यांना?"

"मला रोज होतो तो नमस्कार."

"हो ना," प्रल्हादराव म्हणाले. "तुम्ही रोज सहन करता. फार चांगल्या आहात तुम्ही."

सुनेत्रा उठून आत गेली आणि न्हाणीघरात नळ सोडून रडली. राग कुणावर काढावा हेच तिला कळत नव्हतं. त्यांच्यावर काढावा तर त्यांचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

सोमवारी ती शाळेत गेली, हजेरीपत्रकं तपासली, आणि मधल्या सुट्टीत फॉर्म काढून त्याच्या पहिल्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं. आयुष्यात कुठल्याही यादीच्या पहिल्या ओळीवर तिने ते कधी लिहिलं नव्हतं. पेन अडखळलं. मग तिने दोनपासून बावीसपर्यंतची नावं होती तशीच उतरवली आणि तेविसाव्या ओळीवर आप्पांना घातलं. ते लिहिताना तिला एखाद्याच्या पानावरून त्याला उठवल्यासारखं वाटलं, पण तिने लिहिलं.

सहीचा विचार तिने रविवारीच करून ठेवला होता. इच्छा आठव्या पायरीवर उठते, सहा एकतीसला. सहा सत्तावीसला माणूस बोलतो, ऐकतो, हात हलवतो, पण त्याला हो-नाही काही वाटत नाही. फॉर्मवर वेळेचा रकाना होता, आणि तो भरायचा होता सुनेत्रानेच.

मंगळवारी बोटं हलली, नाकपुड्या फुलल्या, जाफराबादी झाली, मिरज झालं, मंगळवार झाला. आप्पांसाठी पाणी वाहिलं. तेवीस नावं संपली.

"नमस्कार. इतक्या लवकर उठून बसलात तुम्ही?"

तिने पाठीला उशी लावून त्यांना बसवलं, मांडीवर पाट ठेवला, पाटावर फॉर्म. "इथे सही करा."

"हो," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. वळणदार, नेहमीची, शेवटच्या अक्षराखाली रेघ असलेली. मग पेन तसंच धरून तिच्याकडे पाहिलं. "अजून कुठे?"

तिने सांगितलं असतं तर त्यांनी भिंतीवरही सही केली असती. घर लिहून दिलं असतं, दवाखाना लिहून दिला असता, स्वतःचे डोळेही दिले असते. तिने फॉर्म ओढून घेतला, पण लपवला नाही. तो मांडीवर धरून ती बसून राहिली. वेळेचा रकाना रिकामाच राहिला.

सहा एकतीसला प्रल्हादरावांची नजर एका जागी स्थिरावली. त्यांनी तिच्या मांडीवरचा कागद पाहिला, हात पुढे करून मागून घेतला आणि वाचला.

"सही माझी आहे," ते म्हणाले. "पण मी केलेली नाही."

"मग आता जो नाही म्हणतो, तो तरी कोण?" सुनेत्राचा आवाज फुटला. "त्यालाही माझ्याच यादीने उठवलंय. मी व्हरांड्यात उभी राहून लिहिली ती. तुम्हाला आप्पा हवेत, कारण मी त्यांना वर लिहिलं. मी नको, कारण मी मला खाली लिहिलं. यात तुमचं काय आहे?"

प्रल्हादरावांनी बराच वेळ विचार केला. तेवढा विचार त्यांनी पूर्वी तिच्या कुठल्याच बोलण्यावर केला नसता.

"बरोबर आहे तुमचं," ते शेवटी म्हणाले. "पण माझ्याकडे दुसरा मी नाही."

त्यांनी फॉर्मची नीट घडी घालून तिला परत दिला. "तुम्हाला नेऊन द्यायचा असेल तर द्या. मी अडवू शकत नाही. आज फाडलात तरी उद्या सकाळी दुसरा आणू शकता, परवा तिसरा. रोज चार मिनिटं मी तुमच्या हातात असतो. मला फक्त भीती वाटते एवढं सांगून ठेवतो."

एकतीस वर्षांत हा माणूस तिला कधी घाबरला नव्हता. सुनेत्राने घडी घातलेला कागद तसाच चार तुकडे करून फाडला. त्यांनी आभार मानले.

ती दुपारी डॉ. मुजावरांकडे गेली. फाटलेल्या फॉर्मबद्दल सगळं खरं सांगून टाकलं. डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, अशा सह्या घेऊन आणखी कुणी आले होते का, याचा मी विचार करणार नाही, केला तर मला झोप लागणार नाही.

"एक विचारू?" सुनेत्रा म्हणाली. "त्यांची नाही, तर माझी यादी बदलता येते का?"

"तुमची?"

"मलाही सकाळी काहीतरी उठवतच असेल ना? माझ्यात त्यांना तेविसावे करा. मीही नमस्कार म्हणेन. दोघं सुखाने राहू."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्यात गाभा नाही, सुनेत्राबाई. तुमचीही उठवणी रोज होते, क्रमानेच होते. पण ती यादी कुणी लिहिलेली नाही, त्यामुळे ती आम्हाला कुठे सापडत नाही. उठताना आधी काय येतं ते लक्ष दिलं तर तुम्हाला दिसेल. दिसेल एवढंच. हात लावता येणार नाही."

बुधवारी साडेपाचला सुनेत्राला जाग आली. ती डोळे मिटून पडून राहिली आणि एकेक काय उठतंय ते बघू लागली.

सगळ्यात आधी ते आले. खोली कुठली, वार कुठला, हे काही कळायच्या आधी, स्वतःचं नाव आठवायच्याही आधी. सदऱ्याला फिनेलचा आणि गोठ्याचा वास, पंचा जमिनीवर टाकलेला, आणि दारातूनच "नेत्रे, चहा" अशी हाक. मग मिरज आलं. मग बुधवार. मग सुनेत्रा. त्यानंतर, सगळ्यात शेवटी, दोन वर्षं आली, आणि तिला उठून बसावं लागलं.

तिने चहाचं आधण ठेवलं आणि खुर्चीत जाऊन बसली. सहा दहाला डाव्या हाताची बोटं हलली. सहा चोवीसला आप्पा आले, आणि तिने पदराने त्यांचे डोळे टिपले. मग वहिनी, व्याही, विहीण, जावई, मनवा. शेवंताबाईपर्यंत ती बघत राहिली.

"नमस्कार," प्रल्हादराव म्हणाले. "झोप झाली ना नीट?"

"झाली," सुनेत्रा म्हणाली. "चहा आणते."